माळ्यावरच्या दोन बरण्या

मी, शलमोन दाविद रणभिसे, वय अडुसष्ट, राहणार शिरूर, पूर्वी दौंडच्या साहेबांच्या क्लबात बटलर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. दारू घेतलेली नाही.

१. राहते घर पत्नी दयाबाई हिचे. ओट्यालगतची खोली मात्र माझा मित्र मल्हारी याची, तहहयात. तो आंधळा आहे. त्याला तिथून कोणी उठवू नये.

२. पितळी गाळणी, मापाचा पेला व लांब चमचा मुलगा शमुवेल यास. यांनी मी जे पेय बनवी त्याला साहेब माझ्याच नावाने 'सॉलोमन' म्हणत. संत्र्याची साल, सुंठ, दालचिनी महिनाभर व्हिस्कीत मुरवायची. त्या अर्काचे दोन चमचे, बोटभर व्हिस्की, वरून पेल्याच्या कडेने गार बियर. क्लबाचा सेक्रेटरी ही कृती स्वतःची म्हणून सांगत फिरला. त्याला मी माफ केलेले नाही.

३. माळ्यावरच्या दोन बरण्या कोणासही देत नाही. एकीत खऱ्या व्हिस्कीचा अर्क आहे. दुसरीत, दारूबंदीत व्हिस्की मिळेना म्हणून, सुताराच्या पॉलिशच्या स्पिरिटमध्ये मी तोच मसाला मुरवला. वास हुबेहूब आला आणि मी फुशारलो. १९५६ च्या नाताळात त्याचा पहिला पेला मल्हारीला दिला. मी घेतला नाही. पाहुण्याआधी पेला तोंडाला लावायचा नाही ही बटलरची सवय. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो म्हणाला, "शलमोन, दिवा लाव की, काय बी दिसंना." डोळे तापाने गेले असेच तो समजतो.

खऱ्या बरणीवर मी चुन्याची खूण केली होती. पुढच्या नाताळाला दयाबाईने घराबरोबर बरण्याही घासून काढल्या. तेव्हापासून मला भीती, की शमुवेल एखादी उघडील. ओतून टाकाव्यात, तर संत्र्याच्या वासावरून मल्हारी ते पेय ओळखील आणि का ओतले ते विचारील, ही भीती त्याहून मोठी. माझ्यामागे दोन्ही ओताव्यात. चव घेऊन बघू नये.

४. सहीपूर्वी जोडलेला मजकूर. आज सकाळी शमुवेल बरणी घेऊन खाली आला. "आबा, नाताळाला ही उघडू का?"

मी ओरडलो, "ठेव ती! यातल्याच एकीनं मल्हारीचं डोळं गेलं!"

मल्हारी ओट्यावरच होता. भिंतीला धरून उठला. मग म्हणाला, "दोन्ही आणा हिकडं." त्याने स्वतःच्या हाताने दोन्ही मोरीत ओतल्या. "पाच वरीस हात धरून हिंडवलंस मला," तो म्हणाला, "आन् येवढं सांगता आलं न्हाई?"

कलम तीन आता उरले नाही. हे पत्र मल्हारीला वाचून दाखवले आहे. कलम एकमधली खोली घ्यायला तो अजून हो म्हणालेला नाही. कलम मी बदलत नाही.

मुक्काम शिरूर, ता. १७ डिसेंबर १९६१
सही: शलमोन दाविद रणभिसे
साक्षीदार: नथानिएल पाटोळे, मास्तर, शिरूर; सोपानराव धुमाळ, न्हावरे