टाळ्यांसकट लिहिलेली सभा

मी, आर्सेनी पावलोविच ग्लुश्कोव, वय चौपन्न, धंदा वार्ताहराचा, राहणार इवानगोरोद, रशिया, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दडपण असलेच तर नोटरीबाईंच्या पेनाचे. ते वीतभर दोरीने टेबलाला बांधलेले आहे, त्यामुळे माणसाला आपल्या मरणाची व्यवस्था ओणव्याने करावी लागते. सोव्हिएत संघातली पंधरा प्रजासत्ताके सुटली, हे पेन सुटले नाही. याची नोंद व्हावी.

कलम एक. टंकलेखन यंत्र माझे माजी संपादक गेन्नादी ल्वोविच यांस द्यावे. त्यावर प्रश्नचिन्ह उमटत नाही. त्यांना ते कधी लागलेही नाही.

कलम दोन. पक्षाचे सदस्यपत्र स्वयंपाकघरातल्या डुगडुगत्या स्टुलाच्या पायाखाली आहे. ते काढू नये. त्याने कुणाला आधार देण्याची ही पहिलीच वेळ आहे.

कलम तीन. संस्कृत शब्दकोश ग्रंथालयास. लेनिनग्राडला पाच वर्षे ती भाषा शिकलो. तिच्यात स्वतः न पाहिलेल्या घटनांसाठी वेगळा भूतकाळ आहे. आमच्या कचेरीत तेवढा एकच चालायचा.

कलम चार. माझे एका खोलीचे घर, तसेच नदीकाठचा बागेचा तुकडा, सफरचंदाच्या तीन झाडांसह, धाकटी बहीण रिम्मा हिला. ती नदीपलीकडे, एस्तोनियातल्या नार्वाला असते. पूल दहा मिनिटांचा. आता तो दोन देशांच्या मध्ये आहे. ती येत नाही यात मात्र देशांचा दोष थोडा, माझा जास्त.

सभेचा वृत्तांत आदल्या दिवशीच लिहून ठेवायचा, ही आमची रीत. ऑगस्ट १९९१मध्ये मॉस्कोत काही मंडळींनी सत्ता बळकावली, तेव्हा रिम्माच्या सूतगिरणीत त्यांना पाठिंबा देणारी सभा ठरली. मी ती दुपारी चहा पिता पिता लिहून टाकली, टाळ्यांसकट. एखादी कामगार बाई बोलायला हवी, म्हणून रिम्माचे नाव घातले आणि तिच्या तोंडून संघराज्यासाठी प्राण देऊ केले. अंक बाहेर पडला तोवर मॉस्कोतली मंडळी गडगडली होती. सभा झालीच नाही. रिम्माचे भाषण तेवढे झाले. स्वातंत्र्याची वाट पाहणाऱ्या तिच्या एस्तोनियन सासूने ते कात्रण जेवणाच्या टेबलावर ठेवले. रिम्माने फोनवर एवढेच विचारले, "दादा, टाळ्या किती वेळ वाजल्या रे?" त्यानंतर बारा वर्षे फोन नाही.

कलम पाच. हृदयाच्या डॉक्टरांनी मला या हिवाळ्याची हमी दिलेली नाही. अंत्यविधीला भाषणे नकोत. लिहून आणलेली तर नकोतच.

इथवर वाचून माझ्या शेजारीण आणि साक्षीदार क्लावदिया इलिनिच्ना म्हणाल्या, "घर दिलंत, झाडं दिलीत. माफी कुठं मागितलीत?"

मी म्हणालो, माफीला कलम नसते.

"मग माझी सही पण नाही. व्हा परत ओणवे."

म्हणून कलम सहा. रिम्मा, ते तू बोलली नव्हतीस. मी तुला न विचारता लिहिले, आणि चुकलो हे कळूनही खुलासा छापला नाही, कारण मला नोकरी जाण्याची भीती वाटली. मला माफ कर.

आमच्याकडे तिसऱ्या दिवशी पुरतात आणि रिम्माला इकडे यायचा व्हिसा मिळायला पंधरा दिवस लागतात. तोवर मला शवागारात ठेवावे, माझी हरकत नाही. पण ती अर्जच करणार नाही, अशी मला भीती वाटते.

इवानगोरोद, ९ ऑक्टोबर २००३

आ. पा. ग्लुश्कोव (सही)

समक्ष:
क्लावदिया इलिनिच्ना त्सारेवा, शेजारीण (सही)
एफिम मार्कोविच दुबिन, टपालवाले (सही)