व्होल्गाची काच

एर्मेक,

मी पहाटेच्या गाडीनं बिश्केकला कामावर निघाले, तुला उठवलं नाही. पातेल्यात मटणाचा रस्सा आहे, आईबरोबर बसून जेव.

गोठ्यातल्या बाबांच्या व्होल्गा मोटारीला प्लास्टिक कसलं गुंडाळलंस, गाढवा? आतून घाम सुटून पत्रा गंजतो. ते काढून मी लोकरीचा नमदा घातलाय. बाबा गेल्यावर दफनापर्यंत त्यांना ज्या तंबूत ठेवलं होतं, त्याच तंबूचा.

हवा खेळायला काच बोटभर उघडी लागते. पण आई रोज गोठ्यात जाऊन ती बंद करते. मी ओरडले, तर म्हणाली, "अगं, त्यांचा वास निघून जाईल."

तिनं लावलेली काच उघडू नकोस. गाडी गंजली तर गंजू दे.

— जिल्दिझताई