काटा बत्तीसवर

सोमवार, ८ जानेवारी. सकाळी ६.१०
सासऱ्यांच्या अंत्यविधीची तारीख ठरली. शनिवार, सत्तावीस. नोव्हेंबरपासून म्हातारा शवागारात पडून आहे, आणि त्यांचा भाचा बोआकी, जो आता घराण्याचा प्रमुख म्हणवतो, त्याला आत्ता सवड झाली. सकाळी सातला गावी शवपेटी बंद होणार, कुमासीहून दोन तासांची वाट.
बायको सेर्वा म्हणाली की, बाबांचा चेहरा एकदा बघायचाय, तेवढं वेळेवर पोचवा, यावेळी तरी. 'यावेळी तरी' वर जोर. सासूबाईंच्या वेळी उशीर झाला तो टायरमुळे. माझ्यामुळे नव्हे. हे या घरात किती वेळा सांगायचं?
निश्चय: टायरची हवा मोजायचं उत्तम प्रतीचं, भरवशाचं गेज घेणे. रोज हवा मोजणे. नोंद ठेवणे.

मंगळवार, ९ जानेवारी
कोपऱ्यावरच्या आतिंगाकडे गेलो. वीस वर्षं पंक्चर काढतोय. हवा बघायची पद्धत: टायरवर पाना आपटतो आणि कान लावतो. किती आहे विचारलं, तर म्हणाला, बरी आहे मास्तर. बरी म्हणजे किती? म्हणाला, बरी म्हणजे पोटभर.
तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. बुडाला ठोकून आत चेपलेली टिनाची मापं घेऊन मका विकणाऱ्या बायांना मी रडवलंय. माप जप्त, हातात पावती, विषय संपला. मला हा 'पोटभर' सांगतो.

बुधवार, १० जानेवारी
सिग्नलवर पेनासारखं गेज मिळालं. मागचा डावा: ३२, गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेवढीच. खात्रीसाठी पुन्हा: साडेएकतीस. पुन्हा: एकतीस. एका टायरबद्दल तीन उत्तरं देणारं उपकरण मी बाळगत नाही.
व्हॉल्व्हच्या टोप्या दर वेळी काढा-घाला करण्यात वेळ जातो. काढून कोटाच्या खिशात ठेवल्या.

शुक्रवार, १२ जानेवारी. सकाळी ७.००
डिजिटल घेतलं. दिवा लागतो, आकडे दिसतात. नाश्त्याआधी नऊ वेळा मोजलं. ३०, आणि उतरत उतरत २८. तेही खोटारडं.
सेर्वाने खिडकीतून विचारलं की, दर वेळी फुस्स होतं ते काय? म्हटलं, मोजण्याचा आवाज आहे. ती बघत राहिली. विज्ञानाची आवड असावी लागते.
दोन्ही गेजांची तुलना करण्यासाठी स्टेपनी वापरायचं ठरवलं. साठ वेळा मोजली.

सोमवार, १५ जानेवारी
हार्मट्टनच्या कोरड्या वाऱ्याने धूळ इतकी की शेजाऱ्याचं छप्पर दिसत नाही. टायरही धुळीने माखलेत. आकडा २६.
उघड आहे, कुणीतरी हवा काढतंय. धंद्याचा माणूस एकच. आतिंगाला बजावलं की माझ्या गाडीला हात लावायचा नाही. त्याने वाकून चाकाकडे पाहिलं आणि विचारलं, मास्तर, टोप्या कुठे गेल्या? चोर नेहमी विषय बदलतो, हा माझा नोकरीतला अनुभव.

गुरुवार, १८ जानेवारी
अखेर सापडलं. पितळी, घड्याळासारखी तबकडी, लाकडी पेटीत मखमल. दुकानदार म्हणाला की विमानतळावर हेच वापरतात. पहिलं माप २५. मन खट्टू झालं. परत करायला निघालो तेवढ्यात हातातून सुटून सिमेंटवर आपटलं.
त्यानंतर मोजलं. ३२.
धक्क्याने आतलं यंत्र जागेवर बसलं असणार. चारही चाकं ३२. स्टेपनी ३२. वीस वेळा मोजलं. एकदाही डगमगलं नाही. भरवसा म्हणतात तो हा.

रविवार, २१ जानेवारी
सकाळ-संध्याकाळ ३२. पेनवालं २३ म्हणतं, डिजिटल २१. दोघांचं आपसातसुद्धा पटत नाही. दोन्ही कचऱ्यात.

गुरुवार, २५ जानेवारी
सेर्वाची बहीण आफ्रिये आली, सोबत यायला. गाडीकडे बघून म्हणाली, भाऊजी, ही अंड्यांवर बसल्यासारखी का बसलीय? सेर्वा म्हणाली, आतिंगाकडून हवा मारून घ्या, मी हात जोडते. गेज दाखवलं. तिने पाहिलंसुद्धा नाही.
मग म्हणाली की आपण शुक्रवारीच जाऊ. बोआकीच्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीत रात्र काढायला मी मोकळा नाही. पहाटे साडेचारला निघायचं, साडेसहाला तिथे. हिशोबात चूक नाही.

शनिवार, २७ जानेवारी. पहाटे ४.२५
३२. निघालो.

५.४०
मांपोंगच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला. मागचा डावा गेला. रिमवर आहे. रस्त्याला दर्जा नाही या देशात.

५.५५
स्टेपनी लावली. तीही बसली. गेजप्रमाणे ३२ आहे. पुन्हा मोजलं. ३२. सेर्वा रस्त्यात उभी राहून येणाऱ्या गाड्यांना हात करतेय. मी म्हटलं, जरा धीर धर.

६.०५
रताळ्यांनी भरलेली तीनचाकी मालगाडी थांबली. सेर्वा आणि आफ्रिये, सुतकाच्या लाल-काळ्या कापडात, डोक्याला रुमाल, त्या ढिगावर चढून बसल्या. मलाही बोलावलं. सासरच्या दारात रताळ्यांवर बसून जाणारा जावई मी नव्हे. शिवाय गाडीपाशी कुणीतरी थांबायला हवं. सेर्वाने वळून पाहिलं नाही.

११.३०
गावातला फिटर आला. टायरला लाथ मारली आणि हसला. असल्या माणसांशी मी बोलत नाही. हातपंपाने एकेक चाक भरतोय, तासभर तरी लागेल.

दुपारी २.००
पोचलो. माती झाली होती. बोआकीने मागच्या रांगेतली खुर्ची दाखवली आणि पोट कसं आहे विचारलं. सेर्वाने सगळ्यांना सांगितलं होतं की माझं पोट बिघडलंय. माझ्यासाठी ती खोटं बोलली. मला धड खाताही आलं नाही.
सेर्वा सहा पन्नासला पोचली होती.

रविवार, २८ जानेवारी. रात्री ८.००
परत कुमासी. आतिंगा रविवार असूनही फाटकाशी थांबला होता. व्हॉल्व्हवर थुंकी लावली, बुडबुडा आला. म्हणाला, आत धूळ बसलीय मास्तर, टोपी नसली की असंच होतं. आणि हवा थोडी थोडी करून जाते, कुणी रोज मोजत बसलं तर. मग टोप्या मागितल्या. कोटाच्या खिशात चारही होत्या. त्याने एकेक पुसून लावल्या.
जेवताना सेर्वा म्हणाली की बाबा शांत दिसत होते, दाढी कुणीतरी नीट केली होती. एवढं बोलून रडली. मी पाणी दिलं.
मग तिने लाकडी पेटी उघडली. गेज काढून सूपच्या भांड्याशेजारी टेबलावर ठेवलं, कशालाही न लावता, आणि मला वाचायला सांगितलं. चष्मा लावून वाचलं. ३२.
टेबलात बरीच हवा आहे, असं म्हणाली.
बाजारात कुणा बाईकडे असलं माप सापडलं असतं तर मी जागच्या जागी जप्त केलं असतं. सेर्वाने गेज उचललं, आपल्या पर्समध्ये टाकलं आणि चेन ओढली. पावती दिली नाही.