अमतुलबींचे मासे

५ सप्टेंबर १९४८, रविवार

शेजारच्या अमतुलबी आज सकाळच्या गाडीनं बिदरला गेल्या. लेकीचं बाळंतपण. आणि घराची किल्ली कुणाकडे? माझ्याकडे! आमच्या नल्लकुंट्याच्या वस्तीत त्यांची नात्यातली माणसं काय कमी आहेत? पण म्हणाल्या, "मछलियां सिर्फ जयवंता पे छोड सकती मैं." आमच्या शाळेत त्या बड्या उस्तानी, म्हणजे मुख्याध्यापिका, म्हणून बाकीच्या शिक्षिका त्यांच्यापुढे चळचळ कापतात. मी नाही कापत. म्हणूनच आमचं जमतं.

दिवाणखान्यात काचेची मोठी पेटी आहे, त्यात सोनेरी मासे. त्यांचे साहेब वारल्यापासून बाईंचा सगळा जीव त्यांच्यात. सकाळ-संध्याकाळ सुकटीची पूड टाकायची. "चुटकी डालना, मुठ्ठी नक्को! आठ रोज की तो बात है."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "गणपती दोन दिवसांवर, आणि सून सुकट चिवडणार!" म्हटलं, पूड तिथे, मासे तिथे, मी येऊन आंघोळ करीन. तरी कुरकुर चाललीच होती. त्या स्वतः काही त्या घराचा उंबरा ओलांडायच्या नाहीत.

७ सप्टेंबर

गणपती बसले. आज माझ्या तीन आंघोळी झाल्या! मासे मजेत.

१० सप्टेंबर

सासूबाईंनी तोड काढली. कणकेच्या गोळ्या! "नदीवर माशांना आपण हेच घालतो, पुण्य लागतं." घातल्या. मासे तुटून पडले, पण दुपारी पाणी ताकासारखं झालं. सगळं पाणी मीच उपसलं, मीच भरलं. परत पूड सुरू. मला एकदा कळलं की कळलं.

हे कोर्टातून आले ते घाबरे होऊन. रस्त्यावरून रझाकारांची कवाईत गेली म्हणे. निम्मे वकील बायकामुलं घेऊन सोलापूरला गेले, आपणही जाऊ. मी म्हटलं, मासे कोण बघणार? हे बघतच राहिले. खरं सांगायचं तर मला भीती वाटतच नाही. पण नवऱ्याला असं तोंडावर सांगू नये.

१३ सप्टेंबर

सोलापूरकडून फौजा शिरल्या! डोक्यावरून विमानं. कर्फ्यू.

१५ सप्टेंबर

दोन्ही आवारांच्या मधल्या भिंतीत एक छोटं दार आहे, म्हणून बरं. रस्त्यावर पाऊल न टाकता जाऊन येते. विमान गेलं की पेटीची काच थरथरते आणि मासे एका कोपऱ्यात गोळा होतात. मी त्यांना म्हटलं, अरे, मी आहे ना!

बिदरची काही खबर नाही. गाड्याच बंद, खबर येणार कुठून.

१७ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

संपलं! संध्याकाळी रेडिओवर सांगितलं, लढाई थांबली. हे लहान मुलासारखे रडले. मीही रडले.

पण गणपतीचं काय? हुसेनसागरापर्यंत जाणार कसं? बादलीत बुडवायला सासूबाई तयार नाहीत. "माझा देव काय धुणं आहे?" मग मीच ठरवलं. अमतुलबींच्या अंगणात हौद आहे, काठोकाठ भरलेला. त्या असत्या तर हसून म्हणाल्या असत्या, "लाओ ना, इसमें पूछना क्या!" मला त्यांचा स्वभाव माहीत आहे.

आणि आश्चर्य म्हणजे देवाच्या मागोमाग सासूबाई त्या दारातून आल्या! आरती झाली. हळूच मोरया म्हटलं. मूर्ती विरघळेपर्यंत त्या काठावर बसून होत्या.

२० सप्टेंबर

सासूबाई रोज संध्याकाळी हौदावर दिवा लावायला जातात. "आपला देव आहे तिथे." बरं झालं. जाता येता मासेही बघतात.

२३ सप्टेंबर

आज कमाल केली मी! माशांना घालत होते, तेवढ्यात फाटकाशी चारपाच जण. कोणी अनोळखी, रिकामी घरं हुडकत फिरणारे. "हे घर कुणाचं?" एकानं विचारलं. मी कमरेवर हात ठेवून म्हटलं, "आमचं. का?" गेले मुकाट!

ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "अगं, खोटं कशाला बोललीस?" खोटं नसते बोलले तर आज त्या घरात कोण शिरलं असतं? अमतुलबी आल्या की त्यांनाच विचारा म्हटलं.

२६ सप्टेंबर

बोललो तर निभवायला हवं. घर आमचं, आणि रात्री तिथे दिवा नाही, हे कसं दिसेल? म्हणून अंथरुणं तिकडे नेली. माशांनाही वेळेवर मिळतं. दारावरची साहेबांच्या नावाची पाटी हळूच काढून कपाटावर ठेवली. जपूनच ठेवली आहे.

३० सप्टेंबर

चूलही इकडेच मांडली. दोन घरांत ये-जा करून माझे पाय गेले. हवा काय छान येते इथे!

४ ऑक्टोबर

काल घट बसले. सासूबाईंना देव्हारा दिवाणखान्यात हवा, पूर्वेच्या भिंतीशी. तिथे पेटी होती. ती मागच्या पडवीत नेली. चौघांनी उचलली, पाणी हिंदकळलं, पण फुटली नाही. माझं लक्ष होतं.

आता घरात देव म्हटल्यावर सुकट कशी चालेल? गोळ्याच घालते. लहान लहान करून.

७ ऑक्टोबर

मोठा मासा गेला. म्हातारा असणार. अमतुलबींना सांगेन नीट समजावून.

बिदरकडून आलेला एक जण ह्यांना कोर्टात भेटला. तिकडच्या मुसलमान वस्त्यांतलं ऐकवत नाही म्हणाला. हे जेवलेच नाहीत. मग एकदम म्हणाले, "त्या आल्या तर?" मी म्हटलं, येऊ देत की! घर त्यांचंच आहे. मी राखतेय म्हणून तर आहे. "आणि नाही आल्या तर?" म्हटलं, येतील. मी सांगतेय ना.

न्हाणीघराला आडोसा नाही, तो घालून घ्यावा म्हणते.

१० ऑक्टोबर

पडदे बदलले. जुने फार काळपट होते. आज पडवीत जायचं राहूनच गेलं. माशांना उद्या दोनदा घालीन.

१२ ऑक्टोबर, दसरा

सकाळपासून दाराला उसंत नाही. सोनं द्या, सोनं घ्या. एवढ्या मोठ्या दिवाणखान्यात सगळे मावले! सगळे म्हणाले, घर शोभतं हो जयवंताबाई. दुपारी पुन्हा कडी वाजली. दारात बुरख्यातली एक बाई, हातात लहानसं गाठोडं. आलेल्या प्रत्येकाला म्हणत होते तसंच म्हणाले, "या ना, आत या, बसा." बाईंनी नकाब वर केला. अमतुलबी! केवढ्या वाळल्या होत्या. त्या आत आल्या. देव्हारा पाहिला, पडदे पाहिले. पेटीच्या जागेकडे बघत राहिल्या. दाराजवळच्या, पाहुण्यांच्या खुर्चीत अगदी कडेला टेकल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "जयवंताबाई, आपकी इजाजत हो तो... जरा मछलियां देख लूं?"

त्यांच्या घरात. मला विचारून.

आणि मी म्हणाले, "हो हो, बघा ना!"