ओलं ठेवलेलं मडकं

मुक्काम पुणे, कसबा

चिरंजीव येसबास थोरला भाऊ रायाजी याचा आशीर्वाद.

मी खुशाल आहे. श्रीमंतांच्या वाड्यासाठी पणत्या घडवतोय, चाकाला उसंत नाही. आईचा खोकला थांबला का?

पुढचं मात्र आई जवळ नसताना कुलकर्ण्यांकडून वाचून घे.

गेल्या सोमवारी सकाळी एक अनोळखी गृहस्थ आले. म्हणाले, "स्मशानात फोडायचं मडकं हवं. घाई नाही. भाजून झालं की येईन."

"कोण वारलं?" मी विचारलं.

"सुप्याचे रखमाजी कुंभार."

येसबा, आपले आबा! घरून तर तसा काहीच निरोप नव्हता. ते गृहस्थ आमच्या मळलेल्या ओल्या मातीवरून चालत गेले आणि मातीत एकही पाऊल उमटलं नाही.

मला ते मडकं करायचं नव्हतं. तरी हात चाकाकडे गेले आणि ते घडलं. मोडायला हात धजेना.

ओलं मडकं भट्टीत भाजता येत नाही, म्हणून रोज त्यावर भिजलेलं फडकं टाकतो. पण कालपासून कितीही पाणी शिंपडलं तरी ते वाळतंच आहे.

आबांच्या पायांवर माझ्या वतीने डोकं ठेव. ते काय बोलले, ते हे पत्र आणणाऱ्या माणसापाशीच लगेच कळव.