सिन्नरच्या उंबऱ्यावर टँगो

नाशिक,
९ जानेवारी २०२५

ती. सौ. सुमनआक्का यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल मिळालं. फोन का केला नाही ते कळलं. तुम्हाला कमी ऐकू येतं म्हणून तो मोठ्याने लावावा लागतो, आणि शेजारच्या खुर्चीत नाना ऐकत बसणार.

माझ्या ह्यांना होता तोच कंपवात थोरल्या भावाला, नानांनाही निघावा, हे वाचून दुपारभर घरात नुसती फिरत राहिले. तशीही हल्ली बसवत नाही. हे जाऊन दोन वर्षं होतील, तरी दिवसातून तीनदा गंगेवर, गोदेच्या घाटावर जाऊन येते. शेजारणीला सांगते भाजीला गेले होते. पिशवी रिकामीच असते.

नाना उंबऱ्याशी येऊन थिजतात, पाय उचलत नाही, तीन आठवडे घराबाहेर पडले नाहीत असं लिहिलंत. तुमच्या मयूरने उचलून ओट्यावर नेलं तर दिवसभर जेवले नाहीत. बरोबरच आहे. उचलू नका.

तुम्ही सगळे ज्या नाचाला हसला होता तो कसा करायचा, असं विचारलंत. त्याला टँगो म्हणतात. इथे तृप्ती नावाची फिजिओथेरपिस्ट कंपवाताच्या माणसांना तो शिकवते; ह्यांना घेऊन मी तिच्याकडेच जात असे. नाव ऐकून मीही बिचकले होते. मग वाचनालयातून पुस्तकं आणली. सातवीनंतर माझी शाळा तीच. दीडशे वर्षांपूर्वी अर्जेंटिनाच्या बंदरात कामासाठी जहाजं भरभरून माणसं उतरली. घरदार मागे टाकून आलेली. त्यांची गाणी, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांचे ठेके, जर्मनीहून आलेली, मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी ओढायची पेटी, असं मिसळत हा नाच तयार झाला. चांगल्या घरात त्याचं नाव काढत नसत, आपल्याकडे तमाशाचं काढत नसत तसं. पुढे पॅरिसच्या लोकांनी डोक्यावर घेतला, तेव्हा त्याच घरांना तो आवडायला लागला.

मुळात ते चालणंच आहे. तुम्ही नानांच्या समोर उभ्या राहा. त्यांचे हात तुमच्या खांद्यांवर, तुमचे त्यांच्या कोपरांखाली. आधी जागेवरच डोला, भार डाव्या पायावर, मग उजव्या. त्यांचा एक पाय हलका झालासं वाटलं की तुम्ही एक पाऊल मागे जा. ओढू नका. तुम्ही जागा करून दिलीत की ते तिथे येतील.

माया आहे तशी असू द्या.

तुमची धाकटी जाऊ,
विमल


सिन्नर,
१७ जानेवारी

चि. विमल हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र डाळीच्या डब्याखाली लपवलं, काढून काढून तीनदा वाचलं. सगळं तसंच केलं, नाय जमलं. पन्नास वर्षं मी ह्यांच्या मागं दोन पावलं चालले. आता एकदम पुढं येऊन तोंडासमोर उभी राहिले तर मला हसूच आवरेना. ते दाबायला खाली पायाकडं बघितलं, तर तेबी खाली बघाया लागले, अन् जे थिजले ते पाव तास. शेवटी मी ओढलं. ते उंबऱ्यावरच खाली बसले. लागलं नाय, पण तेव्हापासून माझ्याशी बोलणं बंद हाय.

तू शिकलेली, पुस्तकातलं लिहितेस. माझ्या हातात ते नाय. तूच ये. तुझ्या हाताला सवय हाय. पोटाला खात जा, मागच्या खेपेला लय वाळलेली दिसलीस.

तुझी आक्का,
सुमन


नाशिक,
२१ जानेवारी

ती. सौ. आक्का यांस,
सा. न. वि. वि.

चूक माझी. खाली बघायचं नाही, हे लिहायला विसरले. पण मी येणार नाही.

पस्तीस वर्षांत मी नानांसमोर कधी खाटेवर बसले नाही, डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, त्यांच्याशी एक वाक्य सरळ बोलले नाही. चहा हवा का हेसुद्धा तुमच्यामार्फत विचारलं. आता त्यांचे हात खांद्यावर कसे घेऊ?

हे एक. दुसरं फक्त तुम्हाला लिहिते. शेवटच्या वर्षी ह्यांचा डावा हात कायम माझ्या तळहातात असे, थरथरत. ती थरथर अजून माझ्या हातात आहे. भाकरी थापताना येते, पुस्तक धरलं की येते. फोटोत मला ते सापडत नाहीत; फोटोत ते कुणाच्या तरी लग्नाला आल्यासारखे दिसतात. मला एवढंच उरलंय. तृप्ती दर महिन्याला बोलावते, दुसऱ्या कुणाबरोबर तरी उभ्या राहा म्हणते. मी जात नाही. दुसऱ्याचा कंप हातात घेतला की ह्यांचा जाईल, अशी भीती वाटते.

मयूरला उभा करा. त्या बंदरात बायका थोड्या होत्या, तेव्हा पुरुष पुरुषांनाच धरून सराव करत. त्यात लाजायचं काही नाही, असं नानांना सांगा.

रागावू नका, आणि रागावलात तरी पत्र टाका.

तुमची,
विमल


सिन्नर,
२७ जानेवारी

चि. विमल हिस,
अनेक आशीर्वाद.

मयूर उभा राहिला. ह्यांनी त्याचे हात झटकले. म्हणाले, पोराच्या गळ्यात पडून चालायचं असंल तर हितंच बरा हाय.

मग काल आपणहून बोलले. म्हणाले, धाकटी लहानूला कशी चालवायची ते मी नाशकाला दाराआडून बघितलंय, तिला विचार येती का. मी तुझ्या पदराचं सांगितलं. तर म्हणाले, तिला म्हणावं पदर खोचून ये.

हाताचं त्यांना सांगितलं नाय. मी ह्या घरात आले तवा लहानूभाऊजी दहा वर्षांचे होते, माझ्या हातचं जेवून मोठे झाले. ते तुझ्या हातातनं जावेत असं मी कशी म्हणू? पण हितं एक माणूस खुर्चीत बसून बसून संपत चाललाय, तेबी रोज बघवत नाय.

ये म्हणत नाय. रविवारी घरीच हाय, एवढं लिहिते.

तुझी आक्का,
सुमन


नाशिक,
४ फेब्रुवारी

ती. सौ. आक्का यांस,
सा. न. वि. वि.

रविवारी पहिल्या पावलालाच तुम्ही डोळ्यांना पदर लावून आत गेलात, म्हणून पुढचं लिहिते.

त्याआधी मी नानांना म्हटलं होतं, माझ्या तोंडाकडे बघा. त्यांच्याशी बोललेलं माझं ते पहिलं वाक्य, आणि तेही हुकूम सोडल्यासारखं. त्यांनी बघितलं. आम्ही नुसतेच डोलत उभे राहिलो. त्यांचे डोळे इतके ह्यांच्यासारखे आहेत हे मला माहीत नव्हतं. कधी वर बघितलंच नव्हतं. दोन पावलांनी माझी टाच उंबऱ्याला लागली, मी पलीकडे पाय टाकला, आणि तेही आले. ओट्यावर आल्यावर हात काढून घ्यायचं दोघांनाही सुचलं नाही. माझ्या डोक्यावरून मळ्याकडे बघत म्हणाले, कांदा पिवळा पडलाय, मयूरला दिसत नाही का. मी म्हटलं, तुम्हीच जाऊन सांगा. तर म्हणाले, चल मग. पायरी उतरायला तुमच्या मयूरला हाक मारावी लागली, पण बांधापर्यंत आम्ही दोघंच गेलो. मी सगळी वाट उलटी.

येताना एसटीत हात मांडीवर उताणे ठेवून बसले. ह्यांची थरथर शोधत होते. नानांचीच येत होती, जलद, उजव्या हाताची. शिंदे गाव गेलं, पळसे गेलं, नाशिक रोडला उतरले, तरी ह्यांची नीट आठवेना. आज तिसरा दिवस. अधूनमधून काहीतरी येतं, पण कुणाचं ते सांगता येत नाही. ज्याची भीती होती तेच झालं. नानांना हे कळू देऊ नका.

तृप्तीला विचारलं. ती म्हणते, आठवड्यातून एकदा करून भागत नाही, निदान दोनदा हवं. तेव्हा गुरुवारी येते. या वेळी आत जाऊ नका, आक्का. माझ्या शेजारी उभ्या राहा आणि माझ्या पायांकडे नको, नानांच्या तोंडाकडे बघा. पुढे तुम्हालाच धरायचं आहे.

तुमची,
विमल