रुकायाचं नाव

प्रिय दोर्सिला,

यंदाही तू रॉटरडॅमच्या चर्चमध्ये बाबांचा फोटो लावून भाषण केलंस, हे मावशीने कळवलं. तिने चित्रफीतही पाठवली. ‘जनावरांशी कसली बोलणी करायची?’ असं तू म्हणालीस आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तुझा आवाज अगदी त्यांच्यावर गेलाय, चढला की चिरकतो. मी दोनदा ऐकलं आणि अंगणात लवंगा वाळत घातल्या होत्या त्या हलवायला गेले. यंदा पीक बरं आहे. माझा गुडघा मात्र गेला कामातून.

ख्रिस्ती-मुसलमानांच्या दंगलीत बाबा आंबोनच्या बाजाराकडे गेले ते परतलेच नाहीत. आपण त्यांचा सदरा आणि बायबल पेटीत घालून पुरलं. तू लहान होतीस, पेटी इतकी हलकी कशी, असं विचारत होतीस. मग तुला मावशीने हॉलंडला नेलं आणि मी दर रविवारी एका सदऱ्यापुढे गुडघे टेकत राहिले. म्हणून सिस्टर ब्रिजिताने दोन्ही बाजूंच्या माणसांना एकत्र बसवायला सुरुवात केली तेव्हा मी गेले. इथले लोक म्हणतात, ओक्तोविनाला शांततेचं वेड लागलंय. मला शांतता नको होती गं. मला हाडं हवी होती.

तिथे इद्रिस भेटला. खाडीपलीकडचा मासळीवाला, बुटका, दातांनी कठीण कवचाचे बदाम फोडत बसणारा. मला बघताच म्हणाला, “एलिफासची बायको ना तू? अजून जिवंत आहेस?” मी म्हटलं, “तुमच्या लोकांची कृपा.” सिस्टरचा नियम असा, की समोरच्याला उत्तर देण्याआधी त्याचं म्हणणं आपल्या तोंडाने बोलून दाखवायचं, आणि ‘हो, हेच म्हणालो मी’ असं त्याने कबूल केल्याशिवाय पुढे जायचं नाही. इद्रिस म्हणाला, “तुझ्या नवऱ्याचं काय झालं ते मला ठाऊक आहे. पण आधी माझ्या बायकोचं ऐक.”

त्याची बायको रुकाया. ती बाजार करून नावेने घरी चालली होती, मागे इंजिनावर हा. आपल्या बाजूची स्पीडबोट आडवी आली. त्यात एलिफास होता, हातात बंदूक. रुकाया आपल्याकडून पपया घ्यायची, त्याला ओळखायची. तिने हाक मारली, “एलिफासभाऊ, अहो मी आहे, रुकाया!” त्याने गोळी घातली.

खोटं आहे, असं ओरडून मी चहाचा पेला त्याच्यावर भिरकावला. पेला भिंतीला लागला. इद्रिसने तोंडावरचे शिंतोडे पुसले आणि म्हणाला, “तुझ्या नवऱ्याचा नेम बरा होता.”

पुढे बरेच महिने मी तिकडे फिरकले नाही. पण एक गोष्ट आठवली आणि मग ती जाईना. खाडीत होड्यांवर हल्ले झाले त्या दिवशी तुझे बाबा गुडघ्यापर्यंत भिजून घरी आले. मी साबुदाण्याची दाट पेज आणि हळदीतलं माशाचं कालवण वाढलं. ते पोटभर जेवले, वर आणखी कालवण मागितलं. मग तुला मांडीवर घेऊन झोपवलं. काय झालं, असं मी विचारलं तर म्हणाले, “काही नाही, खाडीला भरती होती.”

मी परत गेले. इद्रिससमोर बसले आणि म्हटलं, “तुझी बायको नावेत मेली.” तो म्हणाला, “मेली? तिला काय ताप आला होता? नीट बोल.” मी म्हटलं, “गोळी लागून मेली.” तो म्हणाला, “गोळी काय झाडावरून पडली? कुणी घातली?” सिस्टर मध्ये पडायला लागली, मीच तिला थांबवलं. म्हटलं, “तिने माझ्या नवऱ्याला भाऊ म्हणून हाक मारली आणि माझ्या नवऱ्याने तिला गोळी घातली.” इद्रिस म्हणाला, “हो, हेच म्हणालो मी.” आणि हसला. त्या हसण्याबद्दल मी त्याला मेल्यावरही माफ करणार नाही.

मग त्याने सांगितलं. त्याने आणि त्याच्या माणसांनी बाबांना मासळी बाजाराच्या मागे धरलं. लवकर मारलं नाही. कसं ते त्याने सगळं सांगितलं, एकेक बोट, आणि मी ते शब्दाला शब्द बोलून दाखवलं. तुला ते लिहिणार नाही. नंतर माझी पाळी आली. मी म्हटलं, “तू माझ्या माणसाला कुत्र्यासारखा टाकलास आणि मी माझ्या लेकीसमोर रिकामा सदरा पुरला.” आता हे त्याने बोलायचं होतं. ‘लेकीसमोर’पर्यंत आला आणि अडला. तोंड उघडायचा, मिटायचा. बदाम हातातच राहिला. शेवटी सदरा हा शब्द त्याने कसाबसा काढला आणि म्हणाला, “बाजारामागची बुजवलेली विहीर. तिच्यात आहे.”

विहीर उकरली. पट्ट्याचं बक्कल निघालं, आणि सोन्याच्या दाताचा जबडा. ते तुझे बाबाच.

मागच्या शनिवारी त्यांना पुरलं. तुला बोलावलं नाही, कारण तू भाषण घेऊन आली असतीस. पाद्रीबुवा ‘आपला हुतात्मा एलिफास’ म्हणाले तेव्हा मी त्यांना थांबवलं आणि सगळ्या गावासमोर सांगितलं, “माझ्या नवऱ्याने रुकाया नावाच्या बाईला मारलं. ती त्याला भाऊ म्हणाली होती.” पाद्रीबुवांनी पुस्तक मिटलं. तुझा योसियास काका माझ्या पायाशी थुंकला. लोक निघून गेले, खणणारेसुद्धा फावडी घेऊन गेले. कुंपणाबाहेर इद्रिस उभा होता, तो आत आला. “मी माफ केलं असं समजू नकोस,” म्हणाला. मी म्हटलं, “मी तरी कुठे केलंय?” मग आम्ही दोघांनी हातांनी माती लोटली. तेव्हापासून माझ्या लवंगा गावात कुणी घेत नाही, चर्चमध्ये माझ्या बाकावर कुणी बसत नाही. आईने बाबांच्या कबरीवर उभं राहून त्यांना खुनी म्हटलं, असं तुला काका सांगेलच. ते खरं आहे, आणि ते तू आधी माझ्याकडून ऐकावंस म्हणून हे लिहिलं. मला शिव्या द्यायच्या असतील तर दे, मी सगळ्या ऐकून घेईन. पण इथे येऊन, माझ्या तोंडाकडे बघून दे. व्यासपीठावरून नको.

तू नको म्हणालीस तरी तुझीच,
आई